पेटीच्या मापाची सीट

बायकोचं माहेर बुरोंडीला. सासरे थकलेत, म्हणून महिन्यातून एकदा आम्ही रत्नागिरीहून मोटरसायकलने जातो. वाटेत दोन फेरीबोटी आणि बाकी नुसते चढउतार. घरी आमचं बोलणं म्हणजे भाजी काय आणि गॅस आला का. पण गाडीवर मागे बसली की ती माझ्या कानाशी सगळं बोलते. मला तो प्रवास हवाच असतो. फक्त पहिल्या बोटीपर्यंतच माझं बूड बधिर व्हायचं. हे असंच चाललं तर एक दिवस जाणंच बंद पडेल, अशी भीती वाटायला लागली.

म्हणून सीट बदलायची ठरवली आणि डोक्याला ताप करून घेतला. रत्नागिरीत ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यालाही सीटबद्दल मत असतं. कुणी म्हणे जेल टाका, कुणी म्हणे हवेची उशी घ्या. पहिली सीट मी दुकानात अंगठ्याने दाबून पसंत केली, आंबा पारखावा तशी. काय मऊ! गणपतीपुळ्याला पोचेस्तोवर फोम बसला आणि खालचा पत्रा लागायला लागला. दुसरी एवढी उंच झाली की पाय टेकेनात. भर चौकात गाडीसकट आडवा झालो. उचलायला आलेल्यांतला एक म्हणाला, "जेल टाका."

शेवटी मिरजोळ्याला एक सीट शिवणारा भेटला. त्याने मला उभ्या गाडीवर पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं. संताप आला, पण शहाणा तोच निघाला. दुकानात मऊ लागतो तो फोम लांबच्या वाटेला दगा देतो, म्हणाला. मग वही काढून विचारलं, "मागं कोन बसतंय?"

"आंब्याची पेटी," मी म्हणालो. "सपाट ठेवा, आणि घसरू नये म्हणून कडेने पट्टी द्या."

सीट झकास झाली. एप्रिलभर मुंबईच्या पाहुण्यांच्या पेट्या स्टँडवर पोचवल्या, एक आंबा दबला नाही.

त्या धांदलीत एप्रिलची बुरोंडीची फेरी राहिली. मे महिन्यात बायकोला घेऊन निघालो. ती बोलेना. पहिल्या बोटीतून पलीकडे उतरलो, तर गाडीवर बसेचना.

"अहो, ही पट्टी कशाला? मघापासून टोचतेय."

"पेटी घसरू नये म्हणून."

तिने सीटवरून एकदा हात फिरवला. "तुम्ही पुढं व्हा. मी एसटीने येते."

तीन महिने अख्ख्या गावाचे सल्ले ऐकत फिरलो. पंचवीस वर्षं मागे बसणाऱ्या बाईला तेवढं विचारायचं राहिलं. माझा मलाच राग आला, पण रागावून करतो काय? एसटी आली, ती चढली. मी गुहागरपर्यंत एसटीच्या मागोमाग गेलो. कानाशी नुसता वारा. आणि सांगायला लाज वाटते, बूड जरासुद्धा दुखलं नाही.