दातखीळ

मिस्त्रीकाका तीस वर्षं बोटी दुरुस्त करताहेत. मालकीणबाईंच्या बोटीला त्यांनी दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं, पण ती ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा मागचा ड्राइव्ह कंपनीचा जुनाच ठेवला. "हत्तीला बकरीचे पाय लावलेत!" लोक हसले. काका म्हणाले, "ड्राइव्ह इंजिनामुळे मोडत नाही, चालवणाऱ्याच्या हातामुळे मोडतो." चार वर्षं तो साधा कुरकुरलाही नाही.

काल सर्व्हिसिंगनंतर त्याच बोटीच्या चाचणीला त्यांनी मला, त्यांच्या हाताखाली नव्यानेच शिकायला लागलेल्याला, सोबत नेलं. थोडं चालवायलाही दिलं.

"लाट आली की थ्रॉटल मागे घे, कविराज. पंखा हवेत मोकाट फिरतो, आणि पाण्यात परतला की सगळा दणका गियरच्या दातांवर बसतो."

लाट आली. मला मजा वाटत होती. मी थ्रॉटल पुढेच रेटला. बोट उडाली, आदळली, आणि मागून अक्रोड फुटल्यासारखा आवाज आला.

धक्क्यावर काकांनी ड्राइव्ह उघडला. तेलात गियरचे दात पडलेले होते.

"म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं?" मालकीणबाईंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ड्राइव्ह चांगलाच होता, बाई. माझा हात चुकला."

"तुमचा?"

"वय झालं आता."

मी साहित्याचा पदवीधर. दात गियरचे पडले होते, दातखीळ माझी बसली होती.

"मग यापुढे चाचणीला या मुलालाच चालवू द्या," बाई म्हणाल्या.

मी मान डोलावली.