सडक्या बोंडांचा ठेका

नात पुण्याहून आली तेव्हा तिच्या बॅगेत लॅपटॉप, कानावर बसणारे मोठे हेडफोन आणि मांजराच्या पिल्लासारखा केसाळ माइक होता. पेटी नाही, तबला नाही. ती लॅपटॉपवर गाणी करते हे लेकीने सांगितलं होतं, पण त्या गाण्याला गळा लागतच नाही हे मला तेव्हा कळलं. पुण्याजवळ अशा गाण्यांची मोठी जत्रा भरते. तिथे नव्या पोरांना अर्धा तास मिळणार होता, त्यासाठी आठ दिवसांत एक गाणं पाठवायचं होतं. जावयाने तिला बजावलं होतं की निवड झाली नाही तर हे बंद करून नोकरी पाहायची, झाली तर तो स्वतः येऊन ऐकेल आणि मग ठरवेल.

तिला चिखलीजवळच्या उंद्रीच्या आमच्या शेतातली कापूसवेचणी रेकॉर्ड करायची होती. मी आधीच जाऊन बायांना ताकीद दिली, कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. बायांनी बांगड्यासुद्धा वर सारून शर्टाच्या बाहीत कोंबल्या आणि दोन तास मुक्याने वेचलं. नातीने ऐकलं तर नुसता वारा.

“आजी, या नेहमी इतक्या गप्प असतात?”

“मीच गप्प केलं. तुले साफ आवाज पाह्यजे होता ना?”

ती बांधावर बसून राहिली. चूक माझी होती, पण मी तसं म्हटलं नाही.

त्या वर्षी महागाचं बीटी बियाणं लावूनही गुलाबी अळी पडली होती. किडकी बोंडं नीट उमलत नाहीत. मजुरी किलोवर आणि हा कापूस वजनाला भरत नाही, म्हणून मजूर बाया ती सोडून देतात. ती आम्ही तोडून घरी आणतो आणि अंगणात बसून फोडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि शेजारची भाभी, गावातल्या शिंप्याची बायको, गप्पा मारत तेच करत होतो. नात घरातून धावत आली, माइक आमच्या मध्ये ठेवला आणि थांबू नका म्हणाली. मग तिने हेडफोन माझ्या कानावर घातले.

मी चाट पडले. कोरडं बोंड टचकन फुटत होतं, सडकं भद्द वाजत होतं. इतकी वर्षं बोंडं फोडली, पण हे कधी ऐकलं नव्हतं. तिला तो भद्द आवाजच ठेका म्हणून हवा होता. मला राग आला.

“हा नासाडीचा आवाज होय. यावर लोक नाचतीन काय?”

“माहीत नाही. पण हा दुसऱ्या कोणाकडे नाही.”

“मावशी,” भाभी म्हणाली, “अळीची बारात निघून राह्यली, तू काऊन तोंड पाडून बसली?”

मग मलाच राहवेना. दोन दिवस मी बोंडं हाताने चाचपून वेगळी करत होते, हे कोरडं, हे सडकं, हे आतून पोकळ, आणि ती म्हणेल तसं सावकाश किंवा भराभर फोडत होते.

निवड झाली. दुपारची वेळ, सगळ्यात लहान मांडव. चिखलीहून एसटीने मी गेले, कारण लोक नाचतात का ते मला बघायचं होतं. मांडवात पंधरा-वीस जण होते, त्यातले निम्मे सावलीसाठी आलेले. नातीच्या लॅपटॉपवरून बोंडं फुटायला लागली तशी जमीन थरथरली आणि तो ठेका माझ्या पोटात घुमला. एक मुलगी चपला काढून डोलू लागली. रस्त्याने जाणारे चार-पाच जण आत आले. त्याला नाच म्हणता येणार नाही, जागच्या जागी गुडघे वाकवत होते. पण गेलं कोणी नाही.

जावई मागे हाताची घडी घालून उभा होता. तो आमच्याच भागात वाढलेला. थोड्या वेळाने माझ्याजवळ सरकला.

“मामी, हे बोंडं फोडून राह्यले काय?”

“हो. सडकी.”

मी त्याला विचारलं, पोरीने आता नोकरी पाहायची का.

“थांबा जरा,” तो म्हणाला. “ऐकू द्या.”