फोडणीला निघालेलं फुलपाखरू

नल्लकुंट्याच्या भाग्यलक्ष्मीबाईंना बँकेतून निवृत्त झाल्यावर कॅमेऱ्याचं वेड लागलं, आणि असं लागलं की काही विचारायची सोय नाही. लग्नात अक्षता पडायच्या वेळी सगळे त्यांना शोधायचे, आणि त्या मांडवामागे पोचमपल्लीच्या साडीसकट उकिडव्या बसून कोळ्याचे फोटो काढत असायच्या. सकाळी तळ्यावर बगळे, दुपारी बागेत नाकतोडे. नवरा भगवंतराव कॅमेऱ्याची तिपाई उचलून मागे मागे. गरीब गाय! पण कॅमेऱ्याचं बटण काही त्यांनी कधी दाबलं नव्हतं. बाई दाबू देतील तर ना.

बाईंची एकच हौस राहिली होती. कोशातून फुलपाखरू बाहेर येताना टिपायचं. अंगणातल्या कढीपत्त्यावर दरवर्षी कोश लागायचे, आणि दरवर्षी बाई चहा गाळायला आत गेल्या की तेवढ्यात फुलपाखरू पसार. बाई मग दोन दिवस कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

या खेपेला कोश काळसर पडला, आतले पंख दिसायला लागले. म्हणजे आज नक्की. बाईंनी सकाळीच तिपाईवर कॅमेरा लावला, फोटोत धूळ नको म्हणून कोशाच्या डहाळीची पानं ओल्या फडक्याने पुसून लख्ख केली आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी आणायला आत वळल्या.

तेवढ्यात शेजारच्या जानकम्मा फाटकात हजर. आमच्या गल्लीची रीत अशी, की कढीपत्ता मागणाऱ्याने स्वतः तोडायचा नाही, आणि झाड ज्याचं त्याने मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. भगवंतराव रीतीला पक्के. त्यांनी झाड न्याहाळलं. बाकीच्या डहाळ्या धुळीने माखलेल्या, एकच कशी चकाकत होती. शेजारणीला द्यायची तर चांगलीच द्यावी, नाही का? कोशाकडे लक्षच गेलं नाही, मोडली कटकन.

बाई बाहेर येऊन बघतात तर कॅमेऱ्यासमोर नुसतं आभाळ.

"अहो, इथली डहाळी कुठंय?"

"हौ, जानकम्मांना दिली की. पूजा आहे त्यांच्याकडं, चिंचेचा पुलिहोरा भात करायल्यात. कायकू परेशान होतीस?"

पायात चप्पल नाही, केस सुटलेले, गळ्यात तिपाईवरून उतरवलेला कॅमेरा, अशा बाई गल्लीतून सुसाट निघाल्या. भाजीवाल्याने गाडा बाजूला घेतला. मागून भगवंतराव "अगं लक्ष्मी, गुडघे सांभाळ" म्हणत धापा टाकत होते.

जानकम्मांच्या कढईत मोहरी तडतडत होती आणि त्यांचा हात डहाळीसकट बरोबर कढईवर आला होता.

"रुको अम्मा, रुको!"

जानकम्मा थिजल्या. बाईंनी डहाळी काढून घेतली, तोच कोशाला चीर गेली. आधी ओले पाय, मग चुरगळलेले पंख. पंख सुकेपर्यंत फुलपाखराला निवांत लटकायला मिळालं नाही तर ते जन्माचं लुळं राहतं, हे बाईंना पक्कं ठाऊक. एका हातात डहाळी, ती हलू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आधार. इतक्या वर्षांचा फोटो नाकासमोर, आणि एक बोट मोकळं नाही! बाईंना रडूच फुटलं.

"तुम्ही काढा," त्या मागोमाग पोचलेल्या नवऱ्याला म्हणाल्या. "भिंगावरची ही कडी फिरवायची, नीट दिसलं की बटण दाबायचं."

भगवंतरावांनी देवाचं नाव घेऊन बाईंच्या गळ्यातला कॅमेरा हातात घेतला. जानकम्मांनी गॅस बंद केला. पंख उलगडत गेले, काळे मखमली, वर पांढरे ठिपके, आणि बाई एकीकडे रडत होत्या, एकीकडे खुदखुदत होत्या, लहान पोरीसारख्या. बऱ्याच वेळाने फुलपाखरू खिडकीतून उडालं. इकडे कटाकट बटण चालूच.

घरी येऊन पाहिलं तर काय? प्रत्येक फोटोत फुलपाखरू म्हणजे एक काळा फराटा. स्वच्छ आला होता तो बाईंचा चेहरा. केस मोकळे, गाल ओले, डोळे हे एवढे.

"अहो, फोकस कुठं केलात हा?" बाई कडाडल्या.

"बरोबर तर आहे की," भगवंतराव म्हणाले. "किती वर्षांत तुला असं हसताना बघितलं नव्हतं."

बाई एरवी बिघडलेला फोटो जागच्या जागी पुसून टाकायच्या. यातला एकही त्यांनी पुसला नाही.