हाली नोटांचं टोपलं

रत्नम्माचं तोंड आधीच तिखट, त्यात सासऱ्याचं नाव निघालं की विचारूच नका. अहमदपुरात या सासऱ्याचं, धोंडप्पाचं किराणा दुकान होतं अन् घरातल्या पेटीत निजामाच्या हाली नोटांची चळत. उर्दू, मराठी, कानडी, तेलुगू, सगळं छापलेल्या करकरीत नोटा. रत्नम्माची एकुलती पोर जगदेवी तापानं फणफणली, तेव्हा तिनं सासऱ्यापुढं पदर पसरला. पोरीला मोटारीनं लातूरच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. शंभराची नोट मोडली की संपली, म्हणाला म्हातारा, अन् पेटीचं कुलूप काही काढलं नाही. नवरा चंद्रप्पा बापापुढं ब्र काढायचा नाही. पोर गेली.

पुढं निजामाचं राज्य गेलं अन् हाली चलन बंद झालं. लोकांनी आपापल्या नोटा बदलून आणल्या. हा चिकट म्हातारा मात्र पेटीला चिकटूनच! घरात किती दडवलंय ते सरकारला कळंल म्हणे. मुडदा बशिवला त्या अकलेचा. म्हातारा मेला, नोटा तशाच राहिल्या.

बहात्तरच्या दुष्काळात ज्वारीसाठी पेटी विकावी लागली अन् नोटा भुईवर आल्या. रत्नम्मानं त्या धुण्याच्या उरल्या पाण्यात भिजत घातल्या, चिकटपणाला मेथी घालून उखळात कुटल्या अन् पालथ्या घागरीवर लगदा थापून भाकरीचं टोपलं केलं. बायका वरून रंगीत कागद चिकटवतात. हिनं बुडाला शंभराची एक नोट चिकटवली. टोपलं खाली टेकवलं की म्हातारा तोंडघशी पडतो, म्हणायची.

लातूर जिल्हा झाला त्या साली धाकटा दीर गुरुपादप्पा तिथून एका व्यापाऱ्याला घेऊन आला. जुन्या नोटा घेणारा माणूस. शंभराच्या हाली नोटेला आता हजारांनी पैसा मिळतो, असं त्यानं सांगितलं. नोटांचं काय झालं ते कळताच गुरुपादप्पाचं डोकं फिरलं. वैनीला घरबुडवी म्हणाला, अडाणी म्हणाला, आणखी काय काय म्हणाला. लाज कशी वाटली नाही मेल्याला! व्यापाऱ्यानं टोपलं पालथं करून पाहिलं. भिजवलं तर एवढी एक नोट अजून सुटेल म्हणाला. दिरानं तिथंच अर्धे-अर्धे ठरवूनही टाकले.

रत्नम्मानं पाण्याच्या बादलीत टोपलं बुडवलं. दोघं चहा पीत बसले, हळू सोडवा, कोपरा फाटू देऊ नका, असं सांगत. दुपार कलली तशी नोट अख्खी सुटून वर आली. व्यापाऱ्यानं हात पुढं केला. रत्नम्मानं नोटेसकट भिजल्या टोपल्याचा सगळा गोळा उचलून उखळात टाकला अन् वरून मुसळ हाणलं.

गुरुपादप्पा धावला.

"तिथंच थांबा, भावजी," ती म्हणाली. "ही नोट चालत हुती तवा माझी जगदेवी जिती हुती. तवा तुमच्या बापानं काढली न्हाई. आता कुणालाच मिळायची न्हाई."

दीर भावाकडं वळला, बायकोला आवर म्हणाला. ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला चंद्रप्पा उठला अन् आत गेला. येताना मेथीचा डबा घेऊन आला. तो त्यानं उखळाशी ठेवला.

"आजून बारीक कुट," म्हणाला.