चिमी आणि माझा पाना

अंगणवाडीच्या मीना दीदीचे किस्से माझ्याकडे इतके साचलेत की एक सांगायला गेलो की दुसरा आधी बाहेर येतो. ती दर मंगळवारी आमच्याच ओट्यावर पोटुश्या बायकांना आणि लेकुरवाळ्यांना जमवते. मी देवासच्या कारखान्यातला रिटायर फिटर, तिथेच बसून पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. म्हणजे ऐकावंच लागतं.

*

बागली गावचा एक जावई बायकोला घेऊन आला. गाडी चालूच.

"दीदी, मी फक्त सोडायला आलोय."

"भिया, बाळ झाल्यावर त्यालाही असंच सोडून जाणार का?"

त्यानं गाडी बंद केली. आता दर मंगळवारी पहिला तोच येऊन बसतो.

*

एकानं पोरासाठी महागडी बॅटरीची कार आणली. दीदीनं ती बाजूला ठेवली आणि पोरापुढे वाटी, चमचा, झाकण मांडलं. पोरगं तासभर वाजवत बसलं.

आजी कुरकुरली, "अगं, माझ्या भांड्यांना पोचे पडतील."

"पडू द्या मावशी. भांडी घासायची असतात, डोकं वाढवायचं असतं."

*

माझी नात चिमी. दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नाही. शेजारणी म्हणाल्या, मुकी आहे. सून पदरात तोंड घालून रडायची.

दीदी मला म्हणाली, "काका, तिच्याशी बोला."

"जी उत्तर देत नाही तिच्याशी काय बोलू?"

"रोज रेडिओशी भांडता, तो देतो उत्तर?"

बाई तोंडाची फाटकी, पण खरी. मला गाणी-गोष्टी येत नाहीत. चौथीत शाळा सोडली. मग काम करता करता तेच सांगत बसलो. हा पाना, ही हातोडी, हा स्क्रूचा पेचकस, हे गाढव गिऱ्हाईक मोटार जाळून आणतं.

*

तीन महिन्यांनी दीदीनं चिमीच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला. चिमी वळली नाही. पुन्हा वाजवला. नाही. दीदीचा चेहरा उतरला. "कान तपासून घेऊ," ती हळूच म्हणाली. सून भिंतीला टेकली.

समोर मोटार उघडी पडलेली, त्यात हात घातला आणि सवयीनं पुटपुटलो, "पाना दे."

चिमी उठली. आधी हातोडी उचलली, खाली ठेवली. पाना आणून माझ्या हातात दिला.

मग दीदी म्हणाली, "काका, आता पेचकस मागा."

मी हातातल्या पान्याकडेच बघत बसलो. सुनेनं मागितला.

चिमीनं पेचकस उचलला, आईकडे एकदा पाहिलं आणि मला आणून दिला.