उभ्या घरात कापड फाडायचा आवाज

आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा माझ्या लग्नाला अजून दुसरी दिवाळीसुद्धा आली नव्हती. दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं, पण पंधरवड्यात माणूस दवाखान्यातून घरी आला आणि काठी घेऊन अंगणात फिरायलाही लागला. मला तर एवढ्यानंच नाचावंसं वाटत होतं. ह्यांचं मात्र तोंड उतरलेलं.

कारण दुकान. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान, आणि ह्यांचा हात म्हणजे पेठेत नाव. कात्रीनं काठाला नुसती खाच द्यायची, दोन्ही हातांत धरायचं आणि एका दमात टर्रकन फाडायचं. सूतभर वाकडं जायचं नाही. आता गादीवर धाकटे दीर बसत होते, ते सगळं कात्रीनं कापायचे. ह्यांनी एकदाच सांगितलं, शब्द शोधत शोधत, "सरळ... फाडता येईल... तेव्हाच येईन दुकानात."

डॉक्टरांनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो ह्यांनी खाटेखाली ढकलला. "पोरगंय का मी?"

मग मला सुचलं. भाऊजींना सांगून दुकानातले कटपीस मागवले, मांजरपाटाचे, पॉपलीनचे. मी खाच देऊन हातात द्यायची आणि हे फाडायचे. टर्र... थांबले. टर्र... परत थांबले. तुकडा निघायचा तो नागासारखा वळत. मी म्हणायची, "अहो, काल साप होता, आज नुसतं गांडूळ आहे. सुधारणा आहे की." हे हसायचे, अर्ध्या तोंडानं. ते अर्धं हसू मला लई आवडायचं.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हे अजिबात पटेना. "घरात बसून कापड फाडतंय काय कुणी? दरिद्री येती की गं." पण चिंध्यांचा ढीग वाढला तशी सुई-दोरा घेऊन त्याच खाटेजवळ बसायला लागल्या. गोधडीला तुकडे कमी पडले की आम्हालाच ओरडायच्या, "आज हात का थांबला?"

एका दुपारी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. वाळलेले कपडे ह्यांच्या खाटेवर टाकून आले होते, खाच दिलेला तुकडा मात्र ठेवायचा राहून गेला होता. आणि अचानक बाहेरून आवाज आला. टर्रर्रर्र. न थांबता, एका दमात, या काठापासून त्या काठापर्यंत. भाकरी तव्यात तशीच टाकून पिठाच्या हातानं धावले.

ह्यांच्या मांडीवर भाऊजींचं नवं धोतर. एकदाच नेसून धुतलेलं. काठाला खाच कशानं दिली म्हणाल तर दातांनी. आणि मधोमध फाडलेलं, दोन्ही हातांनी. उजव्या हातानं अजून कापड सोडलं नव्हतं.

मी तशाच हातानं डोळे पुसायला लागले. आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रडतीस कशाला? धोतर तुझं हाय व्हय?"

तेवढ्यात भाऊजी जेवायला आले. हात-पाय धुऊन विचारलं, "वहिनी, माझं धोतर वाळलं का?"

ह्यांनी दोन्ही तुकडे पुढं केले. "घे. दोन... झाले."

भाऊजी आधी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. मग त्यांनी एक तुकडा घेतला, उजेडाकडं धरला, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कापडवाल्याचंच पोर ते.

"दादा, एवढं सरळ तर मला कात्रीनं पण जमत न्हाय."

आतून करपल्याचा वास येत होता, पण उठायला कुणी तयार नव्हतं.

"ते ठीक हाय," भाऊजी म्हणाले, "पण उद्या मी नेसू काय?"

हे काठी शोधत उठले. "चल दुकानात. फाडून... देतो."