मडगार्डातली माती

भिलाआबाइतका चेंगट माणूस मी दुसरा पाहिला नाही. सायकलीच्या मडगार्डात अडकलेला चिखल काढायला वेळ तो किती लागतो? आबाला अर्धा दिवसही पुरत नसे.

आमच्या गावाची वाट शहाद्याच्या सडकेला मिळायची, तिथे निंबाखाली तो बसे. ती वाट म्हणजे निव्वळ काळी माती. पावसाळ्यात जरा सायकल चालवली की मडगार्डात चिखल ठासून भरे आणि चाक जाम होई. शहाणा माणूस पावसाळ्यापुरती मडगार्डं काढून ठेवील. पण आमच्याकडे सायकल यायची लग्नात, सासऱ्याकडून. तिचं मडगार्ड काढलेलं सासरच्या कुणी पाहिलं, तर रुसवेफुगवे दिवाळीपर्यंत पुरत. म्हणून गावातले हे सगळे परगावचे जावई सायकल खांद्यावर घेऊन निंबापर्यंत येत. सायकलीने माणसाला न्यायचं की माणसाने सायकलीला, देव जाणे!

आबाकडे लोहाराकडून वाकवून घेतलेली लोखंडी पट्टी होती. तिने चिखल खरवडायचा, मग चिंधीने आतून एरंडेल चोळायचं, म्हणजे नवा चिखल लवकर धरत नाही. हात चांगला चाले, पण तो तोंडाच्या ताब्यात.

"घरमा समदं बरं शे ना? म्हैस व्यायनी का?"

उत्तर लांबलं की पट्टी थांबे. बाजाराची घाई असलेले लोक मनातून चरफडत. मीही चरफडलो आहे. पण आबा एकटा होता, फार एकटा. बायको कौसाबाई जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरची चूलसुद्धा एकवेळच पेटायची. दिवसभरात त्याला जे काही माणूस भेटे, ते या मडगार्डांच्या कृपेने.

साठ सालानंतर वाटेवर खडी पडली, मग डांबर. गावाने नारळ फोडला, पेढे वाटले. आबानेही पेढा खाल्ला. त्या पावसाळ्यात सायकली निंबापाशी आल्या आणि घंटी वाजवून सुसाट पुढे गेल्या. कुणी वाईट नव्हतं. थांबायला कारणच उरलं नव्हतं. आबा मात्र रोज पट्टी घेऊन येऊन बसे.

एका श्रावणात माझा शेजारी दोधू शहाद्याला निघाला होता. मी मागे कॅरिअरवर. आबा सडकेवर आडवा येऊन उभा राहिला.

"थांब रे भो, मडगार्डमा माटी शे."

दोधूने उतरून, वाकून दोन्ही चाकं पाहिली. "आबा, आते माटी कथाईन ऱ्हाई? समदं कोरं शे."

आबाही वाकला. मडगार्डाच्या आत बोट फिरवून त्याने ते पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

"नई शे ते ऱ्हावू दे," तो म्हणाला. "पन बस ना जरासा."